घरी बीअर करायची म्हणतोस? आधी ज्वारीला मोड आण

तू यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतोस, बी.एस्सी. ॲग्री झालास, घरी कापूस, तूर आणि थोडी ज्वारी आहे. व्हिडिओ पाहून वीस लिटरच्या डब्यात बीअर करून पाहायचं मनात आलं आणि तू चार गोष्टी विचारल्यास: सामान काय लागतं, आपल्या ज्वारीची बीअर होते का, आपल्या उन्हाळ्यात जमेल का, आणि कायदा आडवा येतो का. मला काका म्हटलंस म्हणून मीही अरे-तुरे करतो. बावीस वर्षं मी बीअरच्या कारखान्यांत काम केलं, त्यातली चार इंग्लंडात. आता गावी परत येऊन शेती बघतो. उत्तर लांबेल, पण अर्धवट सांगून तुला अडचणीत टाकायचं नाही.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, आणि बीअर दारूतच मोडते. 'घरच्यापुरती केली', 'विकणार नव्हतो' हे तिथे चालत नाही. तयार बीअर तर सोडच, आंबायला ठेवलेला मालही चालत नाही. 'मोहाचा सडवा नष्ट केला' ही बातमी आपल्या पेपरात नेहमी येते. तुझ्या डब्यातलं यीस्ट (साखरेची दारू करणारी सूक्ष्म बुरशी) घातलेलं पाणी आणि तो सडवा कायद्याच्या लेखी सारखेच. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून तर दारूबंदीच आहे. चंद्रपुरात ती २०१५ला लागली, २०२१ला उठली. यवतमाळात दुकानं उघडी आहेत म्हणून घरी गाळायची किंवा आंबवायची मोकळीक आहे असा अर्थ कोणी काढू नये. तू पाहतोस ते व्हिडिओ बाहेरच्या देशांतले आहेत. इंग्लंडात १९६३पासून स्वतःला प्यायला बीअर करायची तर परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८च्या कायद्यानं ती सवलत दिली. ती माणसं कायद्यात राहून करतात. तू तसंच इथे केलंस तर पोलीस स्टेशनचा रस्ता धरावा लागेल, आणि तुझ्यापेक्षा तुझ्या आईबापाला जास्त त्रास होईल.

मग काही करायचंच नाही का? करायचं. यीस्ट घालायच्या आधीपर्यंतचं सगळं काम घरी शिक. दाण्याला मोड आणणं, वाळवणं, भरडणं, गरम पाण्यात त्याची साखर उतरवणं, गाळणं, उकळणं. यात दारूचा थेंबही नसतो. माझ्या मते बीअरमधला कठीण आणि महत्त्वाचा अर्धा भाग हाच आहे. बाहेरचे नवशिके बहुतेक तयार माल्टचं घट्ट सिरप विकत आणून पाण्यात कालवतात आणि थेट यीस्टवर येतात. त्यांना दाण्याची ओळख कधी होतच नाही. तू शेतकऱ्याचं पोर आहेस, तुझी सुरुवात दाण्यापासून झाली पाहिजे. यीस्टचं काम परवाना असलेल्या ठिकाणी हाताखाली राहून शिक. तिथे काय बघायचं ते पुढे सांगतो.

आता मूळ गोष्ट. दाण्यात साखर नसते, पिठूळ भाग असतो, म्हणजे स्टार्च. यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर लागते. दाणा भिजून मोडावला की तो स्वतःच्या कोंबासाठी आत अमायलेज नावाची एन्झाइम तयार करतो, ती स्टार्च तोडून साखर करतात. मोड आणून वाळवलेल्या दाण्याला माल्ट म्हणायचं. लहान लेकरांना मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व देतात, त्याच्या मागेही हेच आहे.

वाचून पटत नाही, पाहून पटतं. मागच्या पौषात मी मायसमोर करून दाखवलं. तिनं चुलीवर गंजात ज्वारीच्या कण्या शिजवल्या, इतक्या घट्ट की पळी उभी राहावी. गंज खाली उतरवला, थर्मामीटर लावून ६५ अंशांवर येऊ दिला, आणि मी त्यात ज्वारीच्या माल्टचं मूठभर पीठ टाकून ढवळायला लागलो. चार-पाच मिनिटांत पळी आडवी झाली. दहा मिनिटांत ते ताकासारखं पातळ झालं, वरून पाण्याचा थेंब घातला नव्हता. मायनं बोटाला लावून चाखलं आणि म्हणाली, "साखर कवा टाकली रे?" साखर टाकलीच नव्हती. बीअरचं अर्धं शास्त्र त्या गंजात होतं. तूही हे सगळ्यात आधी करून पाहा, बाकी सामान नंतर.

ज्वारीची बीअर होते का? होते. आफ्रिकेत ती शेकडो वर्षं घराघरांत होते. नायजेरियानं १९८८मध्ये बाहेरच्या बार्लीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारी-मक्यावर यावं लागलं. बार्ली, म्हणजे आपला सातू किंवा जव, हे थंडीचं धान्य. त्याला मोड आणायला १५ ते १८ अंश लागतात, आपल्याकडे ते पौषातल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मिळतात. ज्वारीला २५ ते ३० अंश आवडतात. म्हणजे मोड आणण्यापुरती आपली हवा ज्वारीच्याच बाजूची आहे. आणि हो, किराणा दुकानातली पांढरी, घासलेली बार्ली आणू नकोस. तिला मोड येत नाही.

कोणती ज्वारी घ्यायची हे नीट ऐक. कृषी केंद्रातलं रंग लावलेलं बियाणं कधीही वापरायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागून काळी पडलेली असेल तर तीही नको. ती बुरशी पुढे माल्टमध्येही उतरते. रब्बीची स्वच्छ ज्वारी घे, शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघ. दोन दिवसांत नव्वदच्या वर मोड आले तर पोतं उघड.

दोन किलो घे. धुऊन, वर तरंगणारं पोचट काढून, दिवस-रात्र भिजव. मध्ये दोन-तीनदा पाणी ओतून टाक, दाणे तास-दोन तास उघडे ठेव, मग नवं पाणी घाल. पाण्याखाली सलग बुडालेला दाणा गुदमरतो आणि आंबूस वास मारतो. मग ओल्या गोणपाटावर दोन-तीन बोटं जाडीचा थर पसर, वरून ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपून हातानं वरखाली कर. ढिगात हात घातलास की कोमट लागेल, कारण मोडावताना दाणा उष्णता सोडतो. न हलवता ठेवलास तर मधोमध तापून मुळ्यांची जाळी होते आणि बुरशी धरते. चार दिवस पुरेत. दाणा दोन बोटांत चुरडून बघ. पांढऱ्या खडूसारखं पीठ बोटाला लागलं तर झालं, मध्ये टणक लागलं तर अजून एक दिवस.

नंतर कडक उन्हात पातळ पसरून वाळव, दाताखाली कट्कन फुटेपर्यंत. पण तापलेल्या टिनावर टाकू नकोस. ओला असताना दाणा ५० अंशांच्या वर गेला तर ज्या एन्झाइमसाठी एवढं केलं तीच मरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत असेल. पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं की घर कसं धावतं ते आठव. त्या फुटव्यात धुरिन नावाचा पदार्थ असतो, त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मोडाच्या कोंबातही तेच असतं. म्हणून माल्ट वाळल्यावर दोन्ही हातांनी खसाखसा चोळून कोंब आणि मुळं तोडायची आणि सुपानं पाखडून पूर्ण काढायची. ती ढोरांनाही घालायची नाहीत, उकिरड्यात खोल पुरायची. राहिलेला अंश पुढे उघड्या भांड्यात तासभर उकळताना वाफेबरोबर निघतो, म्हणून झाकण ठेवून उकळायचं नाही. व्हिडिओवाले बार्ली वापरतात, त्यामुळे ते हे सांगत नाहीत. ज्वारी वापरणाऱ्यानं हे विसरून चालणार नाही.

पुढची अडचण उष्णतेची. कुरड्या करताना गव्हाचा चीक शिजतो, आधी पाण्यासारखा असतो आणि ठरावीक उष्णतेला एकदम घट्ट, चकचकीत होतो. त्या क्षणी स्टार्च फुलतो, आणि फुललेलाच स्टार्च एन्झाइमला तोडता येतो. बार्लीचा स्टार्च साठीच्या आसपास फुलतो आणि तिची एन्झाइम ६२ ते ६८ अंशांवर मजेत काम करतात, म्हणून बार्लीवाले एकाच भांड्यात, एकाच उष्णतेवर तासभर ठेवून मोकळे होतात. ज्वारीचा स्टार्च ७० च्या पुढे फुलतो आणि तोवर बरीचशी एन्झाइम मरून गेलेली असतात. बार्लीची रीत ज्वारीला लावली की पाणी फिकं राहतं. पुष्कळ लोक इथेच ज्वारीला नावं ठेवून सोडून देतात.

उपाय जुना आहे. माल्ट जात्यावर भरड, रव्यापेक्षा जाड. दोन किलोला सात-आठ लिटर पाणी ५० अंशांवर घेऊन त्यात भरडा कालव. अर्ध्या तासानं गाळ खाली बसतो. वरचं पाणी हळूच दुसऱ्या गुंडात काढून ठेव. एन्झाइम त्यात उतरलेली असतात. खालचा जाड भाग चुलीवर ठेवून कण्यांसारखा शिजव, वीस-पंचवीस मिनिटं, सतत ढवळत. बुडाला लागला तर सगळ्याला जळका वास येतो. मग तो सत्तरच्या आसपास येऊ दे आणि काढून ठेवलेलं पाणी त्यात परत घाल. सगळं मिळून ६३ ते ६५ अंश व्हायला पाहिजे. गंज जुन्या गोधडीत गुंडाळून दीड तास ठेव.

झालं की नाही ते जिभेवर ठरवू नकोस. मेडिकलमधून टिंचर आयोडीनची बाटली आण. पांढऱ्या बशीवर त्या पाण्याचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, गंज आणखी झाकून ठेव. पिवळट-तांबूस राहिला तर साखर झाली. तपासलेला थेंब फेकून द्यायचा. मग स्वच्छ मलमलीतून गाळ. ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे चाळणीत चिखल होतो, कापडाशिवाय गत्यंतर नाही. गाळलेलं पाणी तासभर उघडं उकळ.

या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. थंड करून लिंबू, सुंठ घालून त्याच दिवशी पिऊन टाक, किंवा आटवून काकवीसारखं घट्ट करून बाटलीत भर, दुधात छान लागतं. रात्रभर बाहेर मात्र ठेवायचं नाही. आपल्या हवेत ते दुसऱ्या दिवशी आपोआप फसफसायला लागतं, आणि तिथून पुढे आपण वर बोललो तो कायदा सुरू होतो.

सामान एवढ्यासाठी फार लागत नाही. पंधरा लिटरचा स्टीलचा गंज, चांगला थर्मामीटर, मलमल आणि हायड्रोमीटर. डेअरीवर दुधात लॅक्टोमीटर सोडतात ना, हायड्रोमीटर त्याचाच भाऊ. पाण्यात तो १.००० दाखवतो, साखर जितकी जास्त तितका वर तरंगतो. तो बहुधा २० अंशांवर वाचायला बनवलेला असतो, गरम वर्टमध्ये खोटं सांगतो. म्हणून नमुना थंड करूनच वाच. पहिल्या वेळी १.०४० दिसलं तरी मी तुझी पाठ थोपटेन. थर्मामीटरवर पैसे वाचवू नकोस, पाच अंशांची चूक इथे सगळं घालवते.

पाण्याचं तुझ्या भागात बघावं लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला-अमरावती-बुलढाण्यात, तिथलं खारं पाणी चालतच नाही. यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे, आणि ते उकळून जात नाही, उलट आटल्यावर वाढतं. पिण्याला जे पाणी तपासून ठरलेलं आहे तेच घे. ग्रामपंचायतीनं टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर पाणी आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेव. नाहीतर क्लोरीनमुळे पुढे दवाखान्यासारखा वास येतो.

हॉप्स, म्हणजे बीअरला कडूपणा देणारी फुलं, आपल्याकडे होत नाहीत. भारतात ती हिमाचलात लाहौलकडे होतात. तासभर उकळल्याशिवाय त्यांचा कडूपणा पाण्यात उतरत नाही, एवढं आज पुरे.

आता यीस्ट. हे घरी करायला सांगत नाही, परवान्याच्या ब्रूअरीत उभा राहशील तेव्हा समजावं म्हणून लिहितो. तुझा उन्हाळ्याचा प्रश्न खरं तर याच टप्प्याचा आहे. एल आणि लागर हे बीअरचे दोन मुख्य प्रकार. एल जातीचं यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट वागतं, लागर जातीचं ८ ते १३ मध्ये. आंबताना वर्ट स्वतःच तापतं, खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज वर जातं. तिशीच्या पुढे साधं एल यीस्ट घाई करतं आणि फ्यूजल नावाचे जड अल्कोहोल सोडतं. तो थिनरसारखा वास त्यातूनच येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. ओलं पोतं गुंडाळून कूलरसमोर ठेवलं तरी डबा विशीपर्यंत उतरत नाही, आणि पावसाळ्यात तर ओल्या पोत्याचा उपयोगच नाही, हवाच ओली असते. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी सांभाळलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ अंशांवरही स्वच्छ काम करतं. गरम प्रदेशातल्या ब्रूअरनं त्याचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं.

वीस लिटरला अकरा ग्रॅमचं एक पाकीट लागतं. बारा ते चोवीस तासांत वर फेस धरतो, आठवड्या-दोन आठवड्यांत शांत होतो. शांत दिसला म्हणजे झाला असं नाही. हायड्रोमीटर तीन दिवस एकाच आकड्यावर राहिला पाहिजे. सुरुवातीचा आकडा १.०४८ आणि शेवटचा १.०१० असेल, तर फरकाला १३१ नं गुण, सुमारे ५ टक्के अल्कोहोल निघतं.

हे तीन दिवस मी एकदा पाळले नाहीत. इंग्लंडात माझी दुसरी का तिसरी घरची खेप होती. फेस बसला म्हणून न मोजता बाटल्या भरल्या, वर लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घातली, कारण बाटलीत वायू त्यातूनच धरतो. पण आतली साखर अजून संपायचीच होती. नवव्या रात्री कपाटात एक बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारच्या दोन. सकाळी लाकडाच्या दारात काच बोटभर रुतलेली होती. त्या कपाटासमोर घरमालकिणीचा सहा वर्षांचा नातू रोज खेळायला बसायचा. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी एकही बाटली बंद केलेली नाही.

वायूचा दुसरा धोका तुला वेगळा सांगायला नको. पेवात उतरण्याआधी जुनी माणसं कंदील सोडून बघत, तो विझला तर कोणी उतरत नसे. धान्याच्या श्वासातून साचणारा तोच कार्बन डायऑक्साइड आंबवणीच्या टाकीतही साचतो, हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी बसतो. ब्रूअरीत रिकाम्या टाकीत कोणी 'जरा उतरून धुऊन ये' म्हणालं तर हवा तपासल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

स्वच्छतेबद्दल एवढंच: धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. उकळल्यानंतर वर्टला जे जे लागतं ते दोन्हीतून गेलेलं हवं. प्लास्टिकला घासणी लावायची नाही, ओरखड्यात जंतू घर करतात.

आणि गाळायचा, म्हणजे भट्टी लावून ऊर्ध्वपातनाचा विचारही करू नकोस. धान्य नुसतं आंबवून मिथेनॉल नगण्य होतं. विषारी दारूनं माणसं जातात ती बहुतेक कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यानं. पण भट्टीला आग, वाफ आणि लोभ हे तिन्ही जोडलेले असतात. आपल्या गावांतल्या बायांनी दारूविरुद्ध उगाच मोर्चे काढले नाहीत, त्यांच्या घरात काय झालं ते मी लहानपणी शेजारी पाहिलं आहे.

तुला हा व्यवसाय म्हणून करायचा असेल तर तुझ्या पदवीचा उपयोग आहे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन होतं, तिथे जाऊन कोणत्या वाणाला चांगला मोड येतो ते विचार. माल्ट करता येणारा शेतकरी परवान्याच्या ब्रूअरीला पोत्यानं माल्ट विकू शकतो, त्याला स्वतः बीअर करायची गरजच पडत नाही. आपल्याकडे सोयाबीनमागे ज्वारी मागे पडली, तिला असं एखादं गिऱ्हाईक मिळालं तर मला फार आनंद होईल.

मार्गशीर्ष लागला की दोन किलो रब्बीची ज्वारी भिजव. पाचव्या दिवशी दाणा चुरडून बघ, कोंब पाखडून काढ, आणि बशीवरचा आयोडीनचा थेंब काळा पडला की पिवळा राहिला ते मला कळव. काळा पडला तर त्या वेळी थर्मामीटरवर किती अंश होते तेही लिही, चूक कुठे झाली ते आपण तिथूनच शोधू.